दहा बाय दहाच्या खोलीतला स्टुडिओ

घरातल्या स्टुडिओचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माईक कुठला घेतलास? मी नाव सांगतो आणि लगेच म्हणतो, आधी खोलीकडे बघ.

माझी खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली. दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. रेकॉर्डिंगसाठी याहून अवघड खोली नाही. भिंती दहा फुटांवर समोरासमोर असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्यांच्यामध्ये अडकून घुमतो, आणि लांबी, रुंदी, उंची सारखी असेल तर तिन्हीकडून तोच सूर फुगतो. डग्ग्यावर हात पडला की बोल कमी, घूमच जास्त. अंड्यांचे ट्रे चिकटवून हे जात नाही, खर्जाला त्यांनी काही फरक पडत नाही. मी सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, हातमोजे आणि मास्क घालून त्यांत चार इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची आवाज शोषणारी गादी, भरलं, वर सुती कापड ताणून बसवलं. काही कोपऱ्यांत तिरप्या लावल्या, बाकीच्या भिंतीपासून दोन इंच सोडून. मागे पोकळी ठेवली की तेवढंच रॉकवूल आणखी खालच्या सुरापर्यंत काम करतं. आता टाळी वाजवली तर टाळीच ऐकू येते.

बाहेरचे आवाज मात्र या चौकटींनी अडत नाहीत. कुकर, लिफ्ट, कोकिळा सगळं येतंच. म्हणून रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार, सोसायटी आडवी झालेली असताना. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. कार्डिऑइड माईकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याची पाठ खिडकीकडे. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावं. माझ्याकडे ती तशीच थांबली. वायरमनने अर्थिंग नीट करून दिल्यावर चार्जर लावूनही येईना.

गेनबद्दल, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा याबद्दल, लोक फार घाबरतात. २४ बिटवर, म्हणजे बारीक आवाजही स्वच्छ टिपणाऱ्या सेटिंगवर, रेकॉर्ड करताना आवाज वरपर्यंत चढवायची गरजच नसते. मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा; सरासरी उणे १८ डेसिबल, सगळ्यात मोठा सूर उणे १० च्या आत, एवढं सांभाळलं की आवाज फाटत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून बफर (संगणक आवाजाचे किती नमुने एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १२८ वर ठेवतो, मिक्सिंगला बसलो की १०२४. हे सगळे आकडे वहीत लिहिलेले असतात. समोर माणूस गायला बसल्यावर मला आकडे आठवायचे नसतात, त्याचं गाणं ऐकायचं असतं.

या तयारीचा खरा उपयोग झाला तो ओळखीतल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या टिपताना. खुर्चीत त्यांना गाता येईना. चटई अंथरली, एक पाय लांब करून बसल्या आणि हात आपोआप जातं ओढू लागला. शरीर पुढेमागे झुलणार, म्हणजे जवळ लावलेल्या माईकमध्ये आवाज चढउतार करणार. मी कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही पकडणारा, माईक दीड हात लांब, कपाळाच्या उंचीवर, तोंडाकडे वळवून लावला. खोली घुमत असती तर इतक्या लांबून आवाज पोकळ आला असता. "आजी, चुकलं तरी थांबू नका, म्हणत राहा," एवढंच सांगितलं आणि रेकॉर्डिंग मध्ये कुठेही बंद केलं नाही. दोन ओव्यांच्या मध्ये त्या माहेरच्या गावाबद्दल बोलल्या, तेही आलं. शेवटी अर्धा मिनिट सगळे गप्प बसलो. संपादन करताना जोड लपवायला खोलीची ही शांतता लागते.

ओव्यांवर मी कसलाही इफेक्ट घातला नाही, लहानमोठा आवाज एकसारखा करणारा कॉम्प्रेसरही नाही. त्या श्वासांसकट ऐकायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. मूळ वेव्ह फाइलच्या तीन प्रती केल्या: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक आजींच्या नातीकडे.