हुरड्याची पैज आणि टेक्सासचा गारठा

पहाटे तीन वाजता बाबांच्या खोलीत उजेड दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. पंचाहत्तरीच्या माणसाच्या खोलीत अवेळी दिवा लागला की आपण आधी बीपीच्या गोळ्या शोधायला लागतो. दार ढकललं, तर बाबा कानटोपी घालून पलंगावर मांडी ठोकून बसलेले. नाकाच्या टोकावर चष्मा, हातात फोन.

"अगं, अमेरिकन आलं," ते म्हणाले. "सहावर गेलंय. रात्री नऊला अकरा म्हणत होतं, लबाड."

सहा म्हणजे सहा अंश फॅरनहाइट, आपल्या हिशेबात उणे चौदा. 'अमेरिकन' म्हणजे अमेरिकेचं हवामान मॉडेल, संगणकाने काढलेलं हवेचं भाकीत. आणि ते पुण्याचं नव्हतं. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात आमचं घर आहे, तिथलं होतं. ते घर कुलूप लावून आम्ही चौघंही चुलतभावाच्या लग्नाला पुण्यात आलो होतो.

एरवी मी तिकडे बसून तिकडच्या गमतीजमती तुम्हाला लिहिते. हा अनुभवही परदेशातलाच, पण घेतला पाषाणला, आईबाबांच्या गॅलरीत, संक्रांतीच्या आठवड्यात.

बाबांचं हवेचं वेड जुनं. मागच्या गॅलरीत कमाल-किमान थर्मामीटर टांगलेलं आहे. वाकवलेल्या नळीत पारा आणि त्यावर दोन बारीक सुया. पारा त्यांना ढकलत नेतो आणि जिथवर नेलं तिथे सोडून परत येतो. मग लोहचुंबकाने त्या पुन्हा खाली ओढायच्या. हा सोहळा रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही किमान तापमानाची नोंद साडेआठलाच घेतं. आकडा वहीत जातो. पेपरात पुण्याचा आकडा छापून आला की बाबा म्हणणार, "ते शिवाजीनगरचं." जणू शिवाजीनगर परगावात आहे! पाषाण बऱ्याचदा शिवाजीनगरपेक्षाही गार असतं, याचा त्यांना असा अभिमान की वाटावं ती थंडी त्यांनीच पाळली आहे. मगरपट्ट्याचा किमान आकडा कधी कधी चार-पाच अंशांनी जास्त असतो, म्हणून ते त्याला पुण्यात धरतच नाहीत.

पण त्यामागचं कारण ते नीट सांगतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडून देते. गार झालेली हवा जड असते, ती घरंगळत सखल भागात जाऊन बसते. सिमेंटच्या इमारती मात्र दिवसाची ऊब धरून ठेवतात. म्हणून एकाच शहरात एकाच पहाटे कुणी स्वेटरवर शाल घेतो आणि कुणी पंखा एकवर ठेवतो. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. आमच्या आजोबांना त्या दिवशीही शाळेत जावं लागलं होतं, आणि तो राग त्यांना शेवटपर्यंत होता.

या गावाला हवेवर बोलायचा वारसाच आहे म्हणा. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण चौकाचं नाव सिमला ऑफिस ते राहिलंच. बसमधल्या निम्म्या लोकांना पुण्यात सिमला कुठून आला हे माहीत नसतं. बाबा ते न विचारता सांगतात.

तर अशा माणसाला लेकीच्या गावी कडाका येतोय असं कळलं. झालं!

मी बाबांना समजावायला गेले की टेक्सासची थंडी पुण्यासारखी नसते. पुण्याची थंडी बरीचशी घरची असते. उत्तरेचं कोरडं वारं निमित्त देतं आणि बाकीचं काम इथलीच रात्र करते. सैबेरियाची हवा थेट आपल्या अंगावर येऊ नये म्हणून वर हिमालय उभा आहे. अमेरिकेत कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मधे आडवा डोंगरच नाही. ध्रुवाकडची हवा एकदा सुटली की मैदानावरून सरळ खाली. ही हवा जड आणि तिचा थर पातळ, कधी जेमतेम किलोमीटरभर जाडीचा, जमिनीला चिकटून सरपटणारा. ११ नोव्हेंबर १९११ ला ओक्लाहोमा सिटीत दुपारी ८३ अंश फॅरनहाइट होतं आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत १७. म्हणजे २८ सेल्सियसवरून उणे ८, एकाच दिवसात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून कामावर गेलेल्या माणसाने घरी कसं यायचं?

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गणित सोपं आहे. फक्त कधी येणार आणि किती खाली जाणार, एवढंच."

एवढंच! तिकडच्या हौशी हवामानवेड्यांच्या रात्री या दोन प्रश्नांवरच जातात. आमच्या शेजारचे आजोबा त्यातलेच. त्यांनी मागच्या अंगणात स्वतःचं हवामान केंद्र उभारलंय, आणि थंडीची लाट यायच्या आठवडाभर आधीपासून त्यांच्याशी दुसरं काही बोलताच येत नाही. आकडा कुठल्या मॉडेलचा, यावर त्यांचे मित्र एकमेकांशी अबोला धरतात. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा ताजं होतं आणि सोळा दिवस पुढचं सांगतं. युरोपियनवर लोकांचा विश्वास जास्त. शिवाय कॅनडाचं आहे, जर्मनीचं आहे. प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा देणारं मॉडेल धरून बसतो, पत्रिका जुळवणाऱ्याकडे जावं तसा.

बाबांनी दोन दिवसांत ही सगळी मॉडेलं पाठ केली. शिवाय त्यांना घड्याळाचा फायदा होता. अमेरिकन मॉडेल आपल्याकडे साधारण सकाळी नऊ, दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे तीनच्या सुमारास यायला लागतं. युरोपियनचा मोठा अंदाज येतो दुपारी बाराच्या आसपास, जेव्हा डॅलसमध्ये मध्यरात्र असते. म्हणजे तिकडचे हौशी डोळे ताणून जागत बसतात आणि आमचे बाबा वरणभाताआधी आरामात बघून मोकळे. "अमेरिकन म्हणजे आपली कार्यातली आत्या," त्यांचं मत. "आधी बोंब मारणार, मग विचारणार काय झालं ते. युरोपियन म्हणजे सीए. उशिरा बोलणार, पण बोललं की लिहून ठेवायचं."

आता माझी भीती सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी तिथेच होते. १६ तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे २ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे १९ सेल्सियस. त्याहून खाली तिथला पारा गेला होता तो १८९९ मध्ये, उणे ८ फॅरनहाइटवर. पण आकडा राहू द्या. वीज गेली. राज्यभरात ४५ लाख घरांची गेली. आळीपाळीने जाईल असं सांगितलं होतं, आमची पाळी दोन दिवस संपली नाही. घरात नऊ अंश. मुलं सगळे स्वेटर एकावर एक घालून अंथरुणात, आणि मी गाडीत हीटर लावून फोन चार्ज करत बसलेले. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, कारण बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून माणसं मेली होती त्या दिवसांत. सरकारी मोजणीत त्या लाटेचे बळी २४६. पूर्ण ग्रीड कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं, हे आम्हाला नंतर कळलं. शेजारच्या गल्लीत छतातला पाइप फुटून दिवाणखान्यात अक्षरशः पाऊस पडत होता. टेक्सासमध्ये बऱ्याच घरांचे पाइप माळ्यावरून जातात. उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली घरं ती.

म्हणून बाबा "सहा! सहा!" करत होते तेव्हा मला आमचा माळा दिसत होता.

टेकडीवरच्या सकाळच्या कट्ट्यावर बाबांनी हा विषय नेला आणि त्याची पैज झाली. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला हुरडा खाऊ घालायचा, गुळभेंडीचा, शेतावर जाऊन, वर ताक. वाद आधी एककावर झाला. एक काका म्हणाले, "मी उणे दोन धरतो," आणि ते सेल्सियस धरून बसलेले. त्यांना समजवायला अर्धा तास. शेवटी फॅरनहाइट ठरलं. मग आकडा कुठला मानायचा, विमानतळाचा की घराचा? "विमानतळ म्हणजे तिकडचं लोहगाव," बाबा कडाडले, "घराचाच धरायचा." एकच मॉडेल सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात; निवृत्त प्राध्यापकांनी अमेरिकनची अशी ३१ आणि युरोपियनची ५१ भाकितं घेऊन सरासरी काढली आणि साडेनऊ लिहून दिलं. बाबांनी आठ धरलं. एका काकांनी चौदा. त्यांचं म्हणणं, ढग येतील आणि गोधडीसारखे वर बसतील. एका आजोबांनी नुसतंच "लई" म्हटलं, ते ग्राह्य धरलं नाही.

बर्फ पडेल का, हाही मुद्दा निघाला. जमिनीवर ताजा बर्फ असेल तर तो जमिनीची ऊब खालीच अडवतो आणि वरची हवा आणखी गारठते. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे किमान तापमान सांगायचं तर आधी बर्फ, ढग आणि वारा यांची तीन वेगळी भाकितं बरोबर यायला हवीत. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की बातमी होते. ते कुठल्या पहाटे गोठणार हे सांगणं सोपं का नाही, ते मला कट्ट्यावर बसून कळलं.

घरी येऊनही आम्ही हेच बोलत होतो. आई इतका वेळ तिळाच्या वड्या थापत होती. ती म्हणाली, "आकडा मरू दे. किती वेळ?"

आम्ही गप्प.

"कुल्फी काय दहा मिनिटांत जमते का? रात्रभर ठेवावी लागते. पाइपचंही तसंच असेल ना?"

अगदी तसंच असतं. उबदार प्रदेशातल्या उघड्या पाइपांना साधारण २० फॅरनहाइटच्या खाली धोका सुरू होतो, असं तिकडे सांगतात. पण पारा तासभर खाली जाऊन आला तर फारसं बिघडत नाही, दीड दिवस खाली राहिला तर बिघडतं. शिवाय पाइप जिथे बर्फ होतो तिथेच फुटतो असंही नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढतो आणि मग कुठेतरी फाटतं. म्हणून नळ थेंब थेंब सोडून ठेवायचे, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब आत जाते. घरात कुणी नसेल तर मुख्य झडप बंद करून पाइप रिकामे करायचे.

चावी होती दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीकडे. ती नागपूरची. थंडीबद्दल पुणेकरांनी बोलू नये असं तिचं ठाम मत आहे. मी फोन केला तर म्हणाली, "अगं, किती घाबरतेस, जाते न मी." लाट यायच्या आदल्या दुपारी गेली, पाणी बंद केलं, नळ मोकळे केले, कपाटं उघडली, बाहेरच्या दोन्ही नळांवर फोमच्या टोप्या चढवल्या. व्हिडिओवर मी तिला सूचना देत होते आणि मागून बाबा तिला विचारत होते, "वारा कुठून आहे गं?" तिकडे तेव्हा लोक हाफ पँटवर फिरत होते. वारा त्या संध्याकाळीच फिरला, मॉडेलांनी सांगितल्यापेक्षा पाच तास आधी. ही जड हवा मॉडेलांच्या हिशेबाआधीच येऊन ठेपते, असं शेजारचे आजोबा नेहमी म्हणतात.

डॅलसमधली सर्वांत गार वेळ, म्हणजे तिथले सकाळचे सात, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा. कट्टा त्या दिवशी टेकडीवर न जमता अमृततुल्यमध्ये जमला. सहा माणसं एका फोनवर वाकलेली. चहावाल्याला वाटलं मॅच आहे. त्याने स्कोअर विचारला आणि प्राध्यापकांनी "नऊ" सांगितलं, कारण तेवढ्यात मैत्रिणीने आमच्या पडवीतल्या थर्मामीटरचा फोटो पाठवला होता. नऊ अंश.

प्राध्यापक साडेनऊ, बाबा आठ. प्राध्यापकांचा चहा बाबांच्या नावावर लिहिला जाणार, तेवढ्यात बाबांनी शेजारच्या आजोबांच्या अंगणातला आकडा काढला. सात.

"पडवीचं थर्मामीटर भिंतीला चिकटलंय," बाबा म्हणाले. "भिंत रात्रभर ऊब देते. उघड्यावरचा आकडा धरायचा, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीतला. सगळ्या जगात असंच मोजतात."

"घराचा आकडा धरायचा असं तुम्हीच म्हणालात."

"घराचा म्हणजे घराच्या हवेचा. भिंतीचा नव्हे."

हे रात्री आठपर्यंत चाललं. पारा गोठणबिंदूच्या खाली ४१ तास राहिला, आणि पैज न लावता सगळ्यांत जवळ गेली ती आई. ती "दीड दिवस तरी" म्हणाली होती. पाइप एकही फुटला नाही. फुटला तो बागेला पाणी देणाऱ्या यंत्रणेचा बाहेरचा पितळी व्हॉल्व्ह. तो एकाही भाकितात नव्हता आणि माझ्या यादीतही नव्हता. दुरुस्तीला साडेतीनशे डॉलर लागले.

हुरडा झाला. खर्च सगळ्यांनी वाटून घेतला, कारण निकाल लागलाच नाही. आणि परतीच्या आदल्या रात्री मी बाबांची वही चाळली. त्या तारखेपुढे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: गॅलरी १०.२, आकाश निरभ्र. आणि समासात, पेन्सिलीने: टेक्सास ७ फॅ. (प्राध्यापक ९ म्हणतात.)