बोर्ड कुठे ठेवला

मंगळवार, रात्री साडेअकरा

सध्या रात्रीचं सगळं आवरलं की मी लॅपटॉप उघडून ओपातियाचे व्हिडिओ लावते. क्रोएशियातल्या या गावी २०१४ साली ब्रिजचं युरोपियन अजिंक्यपद झालं, त्याचं हे चित्रीकरण. तसं बघायला गेलं तर त्यात काहीच घडत नाही. टेबल, टेबलावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उभा केलेला पडदा, चार माणसं, आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. पण याच चित्रीकरणाने पुढच्या वर्षी अव्वल ब्रिजचं जग मुळापासून हलवलं. ते ज्याच्यामुळे घडलं त्या नॉर्वेच्या बोये ब्रोगेलँडबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

बोयेचा जन्म १९७३चा. आठव्या वर्षी आजी-आजोबांनी त्याला ब्रिज शिकवलं. आपल्याकडेही पत्ते आजी-आजोबांकडूनच येतात, मे महिन्याच्या सुट्टीत, झब्बू आणि मेंढीकोटाच्या रूपात. पण शाळा सुरू झाली की तेच आजोबा 'पत्ते कुटत बसू नका' म्हणतात. बोयेला तसं कुणी म्हटलं नसावं. २००७ साली शांघायला नॉर्वेने अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून बर्म्युडा बोल, म्हणजे ब्रिजचं जागतिक विजेतेपद, जिंकलं. त्या संघात हेल्गेमो आणि हेल्नेस या नावाजलेल्या जोडीबरोबर बोयेही होता.

ब्रिजवर पोट कसं भरतं हे मला नेहमी विचारलं जातं. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसते. चषक असतो, यादीत नाव लागतं, मास्टर पॉइंट, म्हणजे कामगिरीचे गुण, मिळतात. पैसा येतो तो प्रायोजकाकडून. एखादा श्रीमंत, खेळाचं वेड असलेला माणूस पाच उत्तम खेळाडू मानधनावर घेतो, प्रवास-हॉटेलचा खर्च उचलतो, आणि सहावा म्हणून स्वतः खेळायला बसतो. संघाला जिंकायचं असेल तर त्यालाही ठरलेले बोर्ड, म्हणजे डाव, खेळावेच लागतात. त्यामुळे व्यावसायिक खेळाडूची खरी पुंजी दोनच गोष्टी: त्याचा भिडू आणि त्याचं नाव. नावाला बट्टा लागला, किंवा 'हा माणूस कटकटी करतो' एवढं जरी पसरलं, की पुढच्या वर्षीचा करार गेला. आपल्याकडेही वरच्या पातळीवरचं ब्रिज बरंचसं असंच चालतं. किरण नाडर यांचा फॉर्मिडेबल्स संघ हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. फक्त त्या स्वतः पक्क्या खेळाडू आहेत, २०१८च्या जाकार्ता एशियाडमध्ये मिश्र संघाच्या कांस्यपदकात हेमा देवरांबरोबर त्यांचाही वाटा आहे.

भिडूबद्दल थोडं लिहिते, कारण ज्यांनी ब्रिज खेळलेलं नाही त्यांना ही गोष्ट कळत नाही. तेरा पाने तुमच्या हातात, तेरा भिडूच्या, आणि तुम्हाला एकमेकांशी फक्त बोलीतून, म्हणजे खेळाआधीच्या पुकाऱ्यातून, आणि खेळलेल्या पानातून बोलता येतं. त्या बोलीचा अर्थही समोरच्यांना उघड करून सांगावा लागतो. एक इस्पिक म्हटलं तर त्याचा अर्थ चौघांनाही ठाऊक हवा. खेळाची सगळी गोडी या बंधनात आहे. आणि लबाडीचा मोहही तिथेच आहे, कारण भिडूला एखादी जास्तीची खूण पोचवता आली तर, विशेषतः उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान, कोणत्या रंगाची करायची हे सांगता आलं तर, अर्धी लढाई तिथेच जिंकली. म्हणून तो पडदा, भिडूंना एकमेक दिसू नयेत यासाठी. १९७५ साली बर्म्युडात पडदा आला तेव्हा तो टेबलाच्या वरच होता. एका इटालियन जोडीची टेबलाखाली पायांची हालचाल दिसली, आणि मग खालचा भागही बंद करावा लागला.

आता शिकागो, ऑगस्ट २०१५. स्पिंगोल्ड ही अमेरिकेतली मानाची बाद फेरीची स्पर्धा. बोये रिची श्वार्ट्झ या प्रायोजकाच्या संघातून खेळत होता. आदल्या वर्षी याच संघाने ही स्पर्धा जिंकली होती, आणि तेव्हा बोयेचे सहकारी होते इस्राएलचे तरुण लोतान फिशर आणि रॉन श्वार्ट्झ (प्रायोजकाशी आडनावापुरतंच साम्य). २०१५मध्ये ती जोडी दुसऱ्या प्रायोजकाकडे गेली आणि उपउपांत्य फेरीत समोरासमोर आली. ६४ बोर्ड खेळून झाल्यावर बोयेचा संघ एका इम्पने जिंकल्याचं जाहीर झालं. एक इम्प म्हणजे ब्रिजमधला सगळ्यात लहान फरक. मग अपिलात निर्णय फिरला आणि तोच सामना तो एका इम्पने हरला.

हरलेला माणूस तक्रार करतो यात नवल नाही, आणि बोयेने तोंड उघडल्यावर लोक हेच म्हणाले. पण त्याने आधी त्या दोघांचे जुने डाव काढून एकेक तपासले. भिडूची पानं न बघता कुणी करणार नाही अशा उताऱ्या, आणि त्या लागू पडलेल्या. महिना संपायच्या आत त्याने नाव घेऊन आरोप केला, बरोबरीने एक संकेतस्थळ उघडलं आणि जगभरच्या खेळाडूंना हाक दिली: चित्रीकरण उपलब्ध आहे, बघा, शोधा. वकिलांची नोटीस आली. त्याच्याकडे तोवर संशय होता, खूण काय आहे ते त्यालाही सापडलं नव्हतं. करार, मैत्री, उत्पन्न, सगळं त्याने या संशयापायी पणाला लावलं. मला हे धाडस त्या शांघायच्या सुवर्णापेक्षा मोठं वाटतं.

खूण सापडली ती स्वीडनच्या पेर-ओला कुलिन याला, ओपातियाच्या याच चित्रीकरणात. डुप्लिकेट ब्रिजमध्ये वाटलेली पाने एका चपट्या डब्यात असतात, त्याला बोर्ड म्हणतात. बोली संपली की बोलीचा ट्रे काढायचा आणि बोर्ड टेबलावर राहू द्यायचा, इतकं साधं काम. काल मी एकच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. ट्रे हलतो. हात बोर्डाकडे जातो, बोर्ड उचलतो आणि जिथे होता तिथे न ठेवता थोडा सरकवून ठेवतो. मग भिडू उतारी करतो. पुढच्या डावात बोर्ड वेगळ्या जागी, आणि उतारीचा रंगही वेगळा. बोर्ड कुठे ठेवला यात बदाम, किलवर, चौकट, इस्पिक दडलेले होते. एकदा माहीत झालं की दुसरं काही दिसतच नाही. मला पाहताना राग आला आणि पोटात कालवलंही, कारण हात इतका सहज जातो, डोळा पापणीही लववत नाही.

आणि मग नेदरलँड्सची मायके मेव्हियस. पेशाने वैज्ञानिक, ब्रिज हौसेपुरतं. मोनॅकोकडून खेळणाऱ्या फान्तोनी आणि नुनेस या इटालियन जोडीचे व्हिडिओ पाहताना तिच्या ध्यानात आलं की उतारीचं पान ते कधी उभं ठेवतात, कधी आडवं. हातात त्या रंगाचं आणखी एखादं मोठं पान, एक्का, राजा किंवा राणी, असेल तर पान उभं, असं तिचं निरीक्षण. तिने ते बोयेला लिहून कळवलं. फान्तोनी आणि नुनेस जागतिक क्रमवारीत सगळ्यात वर होते, आणि बोयेचे जुने संघसहकारी हेल्गेमो आणि हेल्नेस त्यांच्याच संघात. तरीही ती माहिती त्याने दाबली नाही.

त्याच वर्षी, २०१५च्या सप्टेंबरच्या अखेरीला, बर्म्युडा बोल आपल्या चेन्नईत सुरू झालं. मी रात्र-रात्र जागून ऑनलाइन सामने पाहिले होते. या प्रकरणामुळे इस्राएल, मोनॅको, जर्मनी आधीच माघारी गेले. पोलंडच्या एका अनुभवी जोडीला ऐन वेळी खेळायची परवानगी नाकारली गेली. पोलंड उरलेल्या चार खेळाडूंवर खेळलं आणि अंतिम फेरीत स्वीडनला हरवून जिंकलं. वर्तमानपत्रांत तेव्हा याचा मागमूस नव्हता; जगज्जेतेपद चेन्नईत होतं आणि मुंबई-पुण्यात कुणाला पत्ता नव्हता, याची खंत मला आजही आहे.

आज लिहायला बसले ते मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. फिशर-श्वार्ट्झबरोबर आपण जी विजेतेपदं जिंकली ती आपण परत करतो, असं बोयेने जाहीर केलं, त्यात २०१४ची स्पिंगोल्डही आली. ती त्याने स्वतः प्रामाणिकपणे खेळली होती. दुसऱ्या टेबलावर काय चाललंय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं, कारण एका संघाच्या दोन जोड्या दोन वेगळ्या टेबलांवर खेळतात. कुणी मागितलं नसतं. पण व्यावसायिक खेळाडूकडे दाखवायला दुसरं असतंच काय? आपलीच कमाई आपल्या हाताने खोडायची आणि मग दुसऱ्यांकडे बोट दाखवायचं, हा क्रम त्याने पाळला, म्हणून लोकांनी ऐकलं असं माझं ठाम मत आहे.

शेवट सरळ झाला नाही. इस्राएली जोडीवर कारवाई झाली. फान्तोनी-नुनेसवरची युरोपियन संघटनेची बंदी मात्र क्रीडा लवादाने जानेवारी २०१८मध्ये पुरावा अपुरा म्हणून उठवली. निकाल वाचून मी फार हताश झाले होते. कायद्याचं आपलं एक माप असतं, ते मला मान्य आहे. पण २०२१च्या युरोपियन पात्रता फेरीसाठी इटलीने फान्तोनीला संघात घेतलं, आणि समोर आलेले संघ एकामागून एक खेळायला बसायलाच नकार देत गेले. आपले गुण जाताहेत हे दिसत असताना. त्यातल्या कित्येकांना पुढे जायची संधी होती, आणि कुणालाही तसं करण्याची सक्ती नव्हती.