पहिल्या केसची कबुली दुसऱ्या केसमध्ये आडवी आली

दारू पिऊन गाडी चालवताना मी दोनदा पकडला गेलो. पहिल्या वेळी ओळखीच्यांनी सांगितलं, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." मी तसंच केलं. १० हजार भरले, सहा महिने लायसन्स गेलं, आणि विषय संपला असं धरून चाललो.

दुसऱ्या वेळी मित्राकडच्या जेवणावरून परतत होतो. नागपुरात अमरावती रोडवर नाकाबंदी लागलेली. हवालदाराने माझ्यासमोर नव्या नळीचं प्लास्टिक फाडलं, मशीनला लावली आणि म्हणाला, "थांबू नका, फुंकत राहा." आकडा आला ११२. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची. छोटी चिठ्ठी छापून बाहेर आली, तिच्यावर वेळ आणि आकडा, खाली माझी सही. लायसन्सचा नंबर टाकून त्याने मान वर केली. "दुसरी वेळ आहे ना जी तुमची?"

गाडी ठाण्यात लागली. बायको मला घ्यायला ऑटोने आली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

वकिलांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी विचारलं, ऑनलाइन दंड भरून भागेल का? ते म्हणाले, "मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये तडजोड नसते, कोर्टातच यावं लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार किंवा दोन्ही." मग त्यांनी जुन्या निकालाची प्रत समोर ठेवली. ज्याला मी मोकळं होणं समजत होतो, ती कागदावर दोषसिद्धी होती, म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याची कोर्टाची नोंद; म्हणून ही केस दुसरी वेळ धरली जाणार होती. हे मला तेव्हा कोणीतरी नीट सांगायला हवं होतं, आणि मीही विचारायला हवं होतं.

केस लढता येते, मशीनच्या तपासणीचा दाखला मागता येतो, हेही त्यांनी समजावलं. पण चिठ्ठी खरी होती. चालवत होतो तोही मीच.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तिसऱ्या तारखेला नाव पुकारलं. "गुन्हा कबूल आहे?" या वेळी 'हो' म्हणताना घसा कोरडा पडला, कारण आता त्याचा अर्थ मला माहीत होता. १५ हजार दंड, कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि एक वर्ष लायसन्स बाद. तुरुंग टळला. संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो. इतरांची नावं पुकारली जात होती. बाहेर व्हरांड्यात बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. दारातून तिची चप्पल तेवढी दिसायची.

लायसन्स बाद असताना गाडी चालवली तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. म्हणून सध्या सुभाष नगरहून मेट्रोने लोकमान्य नगर, तिथून शेअर ऑटोने हिंगणा एमआयडीसी. सकाळी पाऊण तास आधी निघावं लागतं. गाडीची चावी बायकोकडे आहे. वर्ष संपल्यावरही ती तिच्याकडेच राहू दे, असं मी तिला सांगितलंय.