पदग्रहण, पावसाळी सीएमई आणि कोजागिरी

आयएमए, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन, या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेचा पदग्रहण समारंभ पत्रिकेवरच्या वेळेला सुरू झालेला कुणी पाहिला असेल तर त्यानं हात वर करावा. पत्रिकेवर साडेसात असतात, पाहुण्यांना आठ सांगितलेले असतात आणि सचिवांच्या मनात पावणेनऊ. तालुक्याच्या गावात संध्याकाळची ओपीडी साडेआठच्या आत आवरत नाही. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी एकीची तरी पेशंट नेमकी त्याच संध्याकाळी टेबलावर असते. तिच्यामुळे भूलतज्ज्ञ अडकतात, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ अडकतात. एका सिझेरियनला पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या.

पण सुरू झाला की त्या समारंभाची एक गोडी आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, मावळत्या अध्यक्षांच्या गळ्यातलं पदक नव्या अध्यक्षांच्या गळ्यात, आणि मग वर्षभरात सामील झालेल्या नव्या सदस्यांची नावं. एकेक तरुण मुलगा-मुलगी व्यासपीठावर येते, गुलाबाचं फूल आणि फाइल घेते, फोटो निघतो. जेवणाच्या रांगेत यातलंच कुणीतरी हळूच विचारतं, "सर, खरं सांगा, मेंबर होऊन मिळतं काय?"

इंडियन मेडिकल असोसिएशन 1928 साली कलकत्त्यात स्थापन झाली तेव्हापासून हा प्रश्न असणार. रांगेत उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. जे मिळतं ते वर्षभराच्या कार्यक्रमांत विखुरलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं गरज पडण्याच्या आधीच घेऊन ठेवावं लागतं. ज्या दिवशी लागतं, त्या दिवशी ते विकत मिळत नाही.

पावसाळी सीएमईचंच, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवणाऱ्या शिक्षणसत्राचंच घ्या. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी, पेरण्या सुरू होताना, विषय ठरलेला: सर्पदंश आणि विंचूदंश. जुने सदस्य म्हणतात, दरवर्षी तेच काय. पण दरवर्षी गावात दोन-तीन नवे मेडिकल ऑफिसर (एमओ) आणि निवासी डॉक्टर (आरएमओ) आलेले असतात आणि त्यांनी घोणस फक्त पुस्तकात पाहिलेली असते. वक्ता चांगला असला तर पहिली वीस मिनिटं एका काचेच्या नळीवर जातात. शिरेतलं दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकं करायचं. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात काम करतंय असं धरायचं. चाचणी बिघडते ती दोन कारणांनी. नळी प्लॅस्टिकची असते, नाहीतर काचेचीच पण साबणाच्या पावडरीनं धुतलेली असते. दोन्हींत चांगलं रक्तही गोठत नाही आणि विष न चढलेल्या माणसाला प्रतिसर्पविषाच्या दहा बाटल्या जातात. म्हणून कॅज्युअल्टीत नव्या नळ्यांचा एक डबा वेगळा ठेवायचा आणि तो धुण्याच्या भांड्यांत मिसळू द्यायचा नाही.

मग मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, चावल्याची खूण दिसत नाही, आणि तासाभरात पापण्या मिटायला लागतात. सुरुवातीच्या बाटल्या लहान मुलालाही मोठ्यांइतक्याच, कारण सापानं विष वजन पाहून सोडलेलं नसतं. औषध विरघळवताना बाटली हलके फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. सुरू करण्याआधी, औषधाची अॅलर्जी उठलीच तर म्हणून, अॅड्रिनलिनचा अर्धा मिली सिरिंजमध्ये भरून हाताशी, मांडीत देण्यासाठी. या चार गोष्टी ऐकून गेलेला एमओ त्या ऑगस्टमध्ये निराळा वागतो.

विंचवाचं प्रकरण तर महाराष्ट्राचं स्वतःचं. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर काय होतं ते पाहून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरायला सुरुवात केली. दंशाच्या लक्षणांवरचं त्यांचं काम 1982 साली आणि प्राझोसिनवरचं 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. किलोला तीस मायक्रोग्रॅम या हिशेबानं द्यायची ही स्वस्त गोळी. तालुक्यातल्या किती दवाखान्यांत 'लॅन्सेट' येत होता? असं ज्ञान कोकणातून घाटावर पोचायला कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं आणि ऐकणाऱ्यांना एका खोलीत बसवावं लागतं. ही खोली शाखा उपलब्ध करून देते.

याच खोलीत क्रेडिट पॉइंटही मिळतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी असे 30 पॉइंट जमवावे लागतात. वर्षाला सहा, म्हणजे फार नाहीत. तरी पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात सचिवांचा फोन वाजतोच: "कुठं सीएमई आहे का हो?" कार्यक्रमाला आधी कौन्सिलची मान्यता घ्यावी लागते आणि कौन्सिलचा ऑब्झर्व्हर हजर असतो. सही करून चहा पिऊन निघून जाणाऱ्यांची पंचाईत होते ती इथंच. नोंदणी क्रमांकातला एक आकडा चुकला की पॉइंट दुसऱ्याच डॉक्टरच्या खात्यावर. तेव्हा वहीत क्रमांक स्वतःच्या हातानं, पाठ असला तरी प्रमाणपत्र बघून लिहावा.

जेवणाचा खर्च कोण करतं, हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. पूर्वी कंपनीचा बॅनर, कंपनीचं पनीर. 2009 मध्ये आचारसंहितेत डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यावर बंदी आली आणि 2024 च्या मार्चमध्ये कंपन्यांसाठी नवी विपणन संहिता आली. आमचं मत विचाराल तर ताटाला अडीचशे-तीनशे रुपये वर्गणी काढावी आणि मोकळं व्हावं. जेवण साधं होतं, पण मग वक्त्याला औषधाचं मूळ नाव घेताना घसा खाकरावा लागत नाही.

एक जुलै. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म 1882 सालच्या याच तारखेचा आणि मृत्यूही 1962 साली याच तारखेला. 1991 पासून हा दिवस डॉक्टर्स डे म्हणून पाळला जातो. सकाळी वृक्षारोपण, मग रक्तदान शिबिर, संध्याकाळी ज्येष्ठांचा सत्कार. वृक्षारोपणाबद्दल न बोललेलं बरं, खड्डे दरवर्षी तेच असतात. रक्तदानाबद्दल मात्र एक गोष्ट रक्तपेढीवाले कळकळीनं सांगतात. पूर्ण रक्त 35 दिवस टिकतं, एसएजीएम या टिकवण्याच्या द्रावणातल्या लाल पेशी 42 दिवस, प्लेटलेट्स पाचच दिवस. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांनी शिबिरं घेतली तर फ्रिज एकदम भरतो आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम रिकामा होतो, ऐन डेंगीच्या तोंडावर. ज्या शाखा एक जुलैला नावं आणि रक्तगट लिहून घेतात आणि प्रत्यक्ष दात्यांना तीन खेपांत बोलावतात, त्यांचं शिबिर फोटोत लहान दिसतं. उपयोग त्याचाच जास्त.

संध्याकाळच्या सत्काराला सगळ्यांनी यावं. ऐंशी पार केलेले डॉक्टरकाका शाल सावरत बोलायला उभे राहतात आणि पाच मिनिटं सांगून पंचवीस घेतात. सायकलवरची व्हिजिट, काचेची सिरिंज उकळणं, कंदिलाच्या उजेडातली बाळंतपणं. तरुण मंडळी मोबाइल खाली ठेवतात, हे दृश्य वर्षातून एकदाच दिसतं.

कायद्याचं सत्र साधारण सप्टेंबरात होतं आणि त्याला गर्दी हमखास. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्या खटल्यात अपील करणारी आयएमएच होती आणि तिचं म्हणणं मान्य झालं नाही. संघटना प्रत्येक वेळी जिंकते असं कुणी सांगत असेल तर त्याला हा निकाल दाखवावा. मात्र 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानं, तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी कारवाई करू नये, हेही घालून दिलं. या सत्रातलं सोनं असतं ते बारीक तपशिलात. पेशंटनं कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायच्या. सोनोग्राफीचा महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. मृत्यूच्या दाखल्यात 'हृदयक्रिया बंद पडून' हे कारण लिहायचं नाही, कारण ते सगळ्यांचंच होतं. ती ज्यामुळे बंद पडली तो आजार लिहायचा.

आणि विमा. प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीची पॉलिसी तुमच्यावर दावा कधी आला हे बघते, आणि उपचार पॉलिसीतल्या 'रेट्रोअॅक्टिव्ह डेट'नंतरचा, म्हणजे संरक्षण जिथून सुरू होतं त्या तारखेनंतरचा असावा लागतो. नूतनीकरण चुकवून पंधरा दिवसांनी नवी पॉलिसी घेतली की ती तारीख पुढं सरकते आणि मागची दहा वर्षं उघडी पडतात. नोटीस आल्यावर विमा काढायला धावणारा दरवर्षी कुणीतरी असतो. शाखेची गट योजना असली तर खजिनदार मुदत संपायच्या महिनाभर आधी पाठीशी लागतात. एकट्या डॉक्टरच्या पाठीशी लागायला कुणी नसतं. राज्य शाखांच्या सामाजिक सुरक्षा योजनांचंही तसंच. सदस्य गेला की बाकीचे ठरलेली छोटी रक्कम भरतात आणि ती एकत्र कुटुंबाला मिळते. तरुणपणी प्रवेश स्वस्त पडतो, आणि वर्गणी थकली की नाव गळतं. लग्नाआधी अर्ज भरलेल्या कित्येकांच्या कागदावर आजही नॉमिनी म्हणून आईचं किंवा वडिलांचंच नाव असतं. ते बदलण्याचा फॉर्म संमेलनाच्या नोंदणी टेबलावरच ठेवलेला बरा.

याच सत्राच्या शेवटी हल्ल्याचा विषय निघतो आणि हॉल शांत होतो. महाराष्ट्रात 2010 पासून वेगळा कायदा आहे: दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. प्रत्यक्षात काय चुकतं? फिर्यादीत या कायद्याचं नावच येत नाही, साध्या मारहाणीची कलमं लागतात. घाबरलेले कर्मचारी पंचनाम्याआधीच काचा झाडून टाकतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर जुनं चित्रण पुसून पुढं जातो. म्हणून शाखेची साखळी ठरलेली असावी: पहिला फोन सचिवांना, पाच जण दवाखान्यात, दोन जण पोलीस ठाण्यात, एकानं फोटो काढायचे, एकानं चित्रणाची प्रत घ्यायची, एकानं आत अडकलेल्या बाकीच्या पेशंटांकडे बघायचं. जमावाशी बोलायला मारहाण झालेल्या डॉक्टरनं जायचं नाही. गावात ज्याचे केस पिकलेत त्यानं जायचं. रात्री अकराला पाच डॉक्टर येऊन उभे राहतात ते एकमेकांना पदग्रहणापासून, कोजागिरीपासून ओळखतात म्हणून.

कोजागिरीला मात्र आजारांची नावं घ्यायची नाहीत असा संकेत आहे, आणि तो साडेनऊपर्यंत टिकतो. शंभर माणसांना बावीस-पंचवीस लिटर दूध पुरतं. उशिरा येणाऱ्यांसाठी पातेलं गॅसवरच ठेवलं की दूध तळाला लागतं, म्हणून त्यांचं आधीच थर्मासमध्ये काढून ठेवावं. हाडांचे डॉक्टर जुनी गाणी म्हणतात, पॅथॉलॉजिस्टबाई तबल्याला, मुलं खुर्च्या पाडतात. वरकरणी वेळ घालवणं चाललेलं असतं. पण ज्या फिजिशियननी तुमच्याबरोबर मसाला दूध घेतलंय, त्यांना रात्री दोनला 'जरा ईसीजी पाठवू का' असं विचारायला जीभ अडखळत नाही. गावातली रेफरलची वाट कागदावर कमी आणि अशा चटईवर जास्त तयार होते. कट प्रॅक्टिसची, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याची वाटही तिथंच तयार होऊ शकते, हेही मान्य करायला हवं. ते टाळण्यासाठी शाखेकडे उघड बोलण्याखेरीज दुसरा उपाय नाही, आणि बऱ्याच शाखा ते बोलत नाहीत.

गट पडतात, अध्यक्षपदावरून अबोला होतो, आयुर्वेदाचे पदवीधर त्यांच्या निमा या संघटनेमध्ये आणि एमबीबीएस आयएमएत असे दोन मांडव पडतात. तरी सर्पदंशाच्या सीएमईला दोन्ही मांडवांतल्यांना बोलावणारी शाखा शहाणी, कारण वाडीवर पहिला पेशंट बहुतेकदा निमाच्या डॉक्टरकडेच जातो.

वर्ष संपतं सर्वसाधारण सभेनं. कोरम नसतो, सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी त्याच बावीस माणसांत कायदेशीरपणे सुरू होते. मागचं इतिवृत्त, ताळेबंद, लेखापरीक्षक, नवी कार्यकारिणी, आणि आयत्या वेळच्या विषयांत हॉलचं गळकं छप्पर. शाखा विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यावा लागतो. तो दोन-तीन वर्षं राहून गेला की बँक सह्या बदलत नाही, आणि छपराचे पैसे असूनही अडकतात. नव्या सचिवांनी पहिल्याच आठवड्यात ती फाइल मागून घ्यावी. ती बहुधा आधीच्याही आधीच्या सचिवांच्या दवाखान्यात, माळ्यावर, सॅम्पलच्या खोक्यांखाली सापडते.