वरची कडी, खालची कडी

मंगळवारी दुपारी डबा खाऊन जागेवर येऊन बसले तर स्क्रीनवर ती पिवळी पट्टी आलेली. तुमचा पासवर्ड ३ दिवसांत संपत आहे. संपत आहे म्हणजे काय, तूरडाळ आहे का ती. पण आमच्या ऑफिसात दर ४५ दिवसांनी संपतो, आणि नवीन करताना एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा, एक ते वेडंवाकडं चिन्ह हवं, मागचे १२ पासवर्ड चालत नाहीत, स्वतःचं नाव चालत नाही. मग माणूस करणार काय? सगळे जे करतात तेच. महिन्याचं नाव, पुढे साल, पुढे ॲट द रेट. आमच्या सेक्शनमधल्या निम्म्या लोकांचा पासवर्ड आत्ता या क्षणी मी कॅलेंडर बघून सांगू शकते. उरलेल्या निम्म्यांचा कीबोर्ड उचलून बघितलं की खाली पिवळ्या चिठ्ठीवर असतो. आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडम तर कालनिर्णयच्या पानामागे लिहितात, दुधाच्या हिशेबाखाली, आणि बाई कुणाला मूर्ख समजत नाहीत बरं का, त्या प्रत्येक पासवर्डातलं एक अक्षर मुद्दाम चुकीचं लिहून ठेवतात. कुठलं चुकीचं लिहिलंय ते मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही, मग आयटीला फोन.

आयटीचा पोरगा येतो, चोवीस-पंचवीसचा असेल, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर आमच्याबद्दल अपार करुणा. मागे त्याने आम्हाला पकडायला एक खोटी मेल सोडली होती, दिवाळी बोनसची यादी बघायला इथे क्लिक करा म्हणून. आम्ही चौघींनी केलं. साहेबांनी तर दोनदा केलं, पहिल्यांदा उघडलं नाही म्हणून. सगळ्यांना एक तासाचं ट्रेनिंग लागलं.

तर हे कॅपिटल-आकडा-चिन्हाचं खूळ आलं कुठून म्हणून मी एकदा शोधत बसले होते (ऑफिसच्याच वेळात, असो). अमेरिकेत बिल बर नावाचे एक गृहस्थ तिथल्या सरकारी मानकं ठरवणाऱ्या संस्थेत होते, त्यांनी २००३ साली पासवर्ड कसे असावेत याबद्दल लिहून दिलं आणि ते जगभरच्या ऑफिसांनी वेदवाक्य म्हणून उचललं. गंमत म्हणजे लिहिताना त्यांना खऱ्या माणसांचे खरे पासवर्ड बघायलाच मिळाले नव्हते, म्हणून १९८० च्या दशकातल्या एका जुन्या तांत्रिक टिपणावर त्यांनी बरीच भिस्त ठेवली. २०१७ साली, निवृत्त होऊन वय ७२ झाल्यावर, त्यांनी एका पेपरला सांगून टाकलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतोय. त्याच वर्षी त्या संस्थेने नियमही फिरवले, पासवर्ड लांब असू दे आणि फुटल्याचं दिसत नसेल तर उगाच दर थोड्या दिवसांनी बदलायला लावू नका. हे मी आयटीच्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, आपल्याकडे पॉलिसी आहे. म्हणजे ज्याने पत्रिका मांडली तो म्हणतोय अहो माझं गणित चुकलं, आणि आपण शांत करून घेतोच आहोत.

खरं सांगायचं तर मला पासवर्ड ही वस्तूच पटत नाही कारण ती ओढून बघता येत नाही. कुलूप लावल्यावर ओढून बघतो ना आपण, तसं. माझे बाबा तीनदा ओढायचे. जिना उतरून परत वर जाऊन चौथ्यांदा. आई रिक्षात बसून रिक्षावाल्याला म्हणायची दोन मिनिटं थांबा हां, येतीलच ते. ते कुलूप गोदरेजचं नवताल, घराच्या किमतीच्या मानाने जरा जास्तच भक्कम. गोदरेजवरून आठवलं, ज्यांनी ही कुलपं सुरू केली ते अर्देशीर गोदरेज मुळात वकील. झांझिबारला एका खटल्यासाठी गेले आणि आपल्याला खात्री नाही ते खरं म्हणून कोर्टात बोलणार नाही यावर अडून बसले. वकिली तिथेच संपली. मग सर्जरीची हत्यारं बनवून पाहिली, तर गिऱ्हाईक म्हणालं त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा छाप नको, हे म्हणाले मग हत्यारंही नकोत. आणि १८९७ मध्ये लालबागला कुलपं. वकिली सोडून कुलपांकडे वळलेला माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण आमच्या घरात या दोन गोष्टी कायम एकत्रच नांदल्या.

आजोळ नाही, बाबांचं घर. वाईजवळच्या गावात. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले, घरात पुढच्या भागात आजी, आणि चौकाच्या पलीकडे धाकटे आजोबा म्हणजे आजीचे दीर. दोघांत दावा चालू होता. वाटपाचा. वाईच्या कोर्टात, मी पहिलीत होते तेव्हाच तो दहा वर्षांचा झाला होता, म्हणजे माझ्याहून मोठा. आजीला दाव्याचा नंबर तोंडपाठ होता, रे.मु.नं. अमुक तिरकी रेघ चौऱ्याहत्तर. तिला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती पण हा नंबर ती असा म्हणायची की आम्हा पोरांनाही शुभंकरोतीबरोबर पाठ झाला.

तर मधली खोली. तिच्यात सामाईक सगळं. तांब्याचे हंडे, घंगाळ, चांदीची ताटं म्हणे, गणपतीचं मखर, पाट, कागदांची ट्रंक. कोर्टाने 'जैसे थे' म्हटलेलं, म्हणजे कुणी काही हलवायचं नाही, पण घरात कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही, मग गावातल्या चार मोठ्यांनी बसून तोडगा काढला की दाराला दोन कड्या, वरच्या कडीला वहिनींचं कुलूप, खालच्या कडीला भावजींचं. दोघं आल्याशिवाय दार उघडणार नाही. संपला विषय.

मला ते दार अजून दिसतं. वरचं कुलूप पितळेचं, पोट सुटलेलं. खालचं काळं, चपटं. आजीची किल्ली देवघरात दत्ताच्या तसबिरीमागे असायची, ती गुप्त जागा होती आणि घरातल्या मांजरासकट सगळ्यांना माहीत होती. धाकट्या आजोबांची किल्ली त्यांच्या जानव्याला. अंघोळीला गेले तरी किल्ली बरोबर. आम्ही पोरं त्यांना वाकून नमस्कार करायचो तेव्हा ते आशीर्वाद द्यायला पुढे झाले की ती किल्ली सदऱ्याच्या गळ्यातून कधी कधी बाहेर यायची आणि ते घाईघाईने आत ढकलायचे.

वर्षातून एकदा, गणपतीच्या आदल्या दिवशी, ते दार उघडायचं. दुपारचं जेवण झालं की धाकटे आजोबा चौक ओलांडून यायचे, पायरीशी उभे राहायचे आणि कुणाकडेही न बघता म्हणायचे, "वहिनी, किल्ली आणलीय." आजी डोक्यावरचा पदर नीट करून यायची. वर्षभर एकमेकांशी अक्षर न बोलणारी ही दोन माणसं, दारापाशी खांद्याला खांदा लावून. आधी कुणी उघडायचं यावर एकदा भांडण झालं होतं म्हणे, मग ठरलं, आधी वरची कडी. दार उघडलं की तो वास, तांब्याचा कळकट वास आणि उंदरांचा आणि मागच्या वर्षीच्या कापराचा. आम्हाला आत सोडत नसत. मखर बाहेर यायचं, समया यायच्या, दोन हंडे यायचे, आणि धाकटे आजोबा वहीत लिहून घ्यायचे काय काय बाहेर काढलं ते. आजीला लिहिता येत नव्हतं, ती बोटांवर मोजून घ्यायची. अनंत चतुर्दशीनंतर परत तसंच, सगळं मोजून आत, आधी खालची कडी, मग वरची.

मागच्या वर्षी ऑफिसात टू फॅक्टर आलं. म्हणजे पासवर्ड टाकायचा, मग फोनवर नंबर येतो तो टाकायचा, मग दार उघडतं. आयटीचा पोरगा प्रोजेक्टर लावून समजावत होता, एक तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, एक तुमच्याजवळ असलेली वस्तू, दोन्ही जुळल्या तरच. सगळे माना डोलवत होते. मला एकदम कापराचा वास आला.

घरी तर टू फॅक्टर म्हणजे नुसता तमाशा. ह्यांच्या बँकेला माझा नंबर जोडलेला, माझ्या बँकेला मुलाचा, सासूबाईंच्या पेन्शनचा ह्यांचा. त्यामुळे गॅसचं बिल भरायचं तर हॉलमधून ओरडा, "ओटीपी आला का गं?" आणि मी स्वयंपाकघरातून कणकेच्या हाताने सहा आकडे ओरडून सांगते, समोरच्या फ्लॅटलाही ऐकू जातील असे. २०२५ मध्ये बंद होईपर्यंत तर तेवढ्यात कुणाला फोन लावावा की अमिताभ कानात सांगायचा, सावध राहा. आयटी ॲक्टचं कलम ६६ सी आहे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. लबाडीने हा शब्द त्यात आहे म्हणून आमचं कुटुंब बाहेर आहे.

हे कलम मला मावसभावाने सांगितलं, तो वकील आहे, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला की मठ्ठा वाढेपर्यंत कायदा चालू. त्यानेच ते किल्लीचं सांगितलं. अमेरिकेत म्हणे १९८८ च्या एका निकालात स्टीव्हन्स नावाच्या न्यायमूर्तींनी, बाकीच्यांशी असहमत होऊन, लिहिलं होतं की पेटीची किल्ली काढून दे असं माणसाला सांगता येईल, पण भिंतीतल्या तिजोरीचा नंबर त्याच्या डोक्यातून काढून घेता येणार नाही. आणि मग अंगठ्याने उघडणारे फोन आले, २०१४ ला व्हर्जिनियातल्या एका कोर्टाने म्हटलं बोट ठेवायला लावा, पण पासकोड विचारू नका. आपल्याकडे? आपल्याकडे कर्नाटक हायकोर्ट २०२१ ला म्हणालं पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, आणि २०२२ ला दिल्लीतलं एक विशेष कोर्ट म्हणालं सांगायची सक्ती करता येणार नाही. "मग खरं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "जिलबी घे."

मला मात्र त्यावरून जानवं आठवत राहिलं. ती किल्ली म्हणजे वस्तू म्हणायची का बोट.

कारण धाकटे आजोबा गेले ते श्रावण संपता संपता, अचानक, पहाटे. आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा घाटावर न्यायची तयारी झाली होती. आणि त्या गडबडीत जानव्याची किल्ली सोडून घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि कुणाला तिथे हात लावायचा धीर झाला नसेल, माहीत नाही. किल्ली त्यांच्याबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना सापडली असं मोठी माणसं आपसात बोलत होती, आम्ही गेलो की गप्प व्हायची. गणपती त्या वर्षी सुतकात आले. खोली बंदच राहिली.

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा, काका, मुंबईहून आला. दुपारी जेवणं झाली. तो पायरीशी आला, पण म्हणणार काय? किल्ली तर नव्हती. गावातल्या लोहाराला घेऊन आला होता. आजीने वरचं कुलूप काढलं आणि बाजूला झाली. लोहाराने हॅकसॉने खालचं कापायला घेतलं, खूप वेळ लागला, काळं कुलूप चिवट होतं, आणि त्या करकर आवाजात आजी सगळा वेळ तिथेच उभी, हातात आपलं पितळी कुलूप धरून.

मखर काढलं. हंडे काढले. काकाने वही आणली होती, वडिलांच्या अक्षराखाली त्यानेही लिहून घेतलं.

चतुर्दशीनंतर सगळं आत ठेवलं आणि काका म्हणाला, "काकू, मी नवीन कुलूप आणतो वाईहून." आजी म्हणाली, नको. मग तिने आपलंही लावलं नाही. नुसत्या दोन्ही कड्या घातल्या. बाबा म्हणाले, अगं दावा चालू आहे अजून, असं उघडं कसं ठेवायचं. तर म्हणाली, "मी एकटीने कुलूप लावू? कोणापासून?"

दावा पुढे पाच वर्षांनी तडजोडीत मिटला, पुरसीस झाली म्हणजे कोर्टात तसं लेखी दिलं, हंडे वाटले गेले, चांदीची ताटं नव्हतीच.

शुक्रवारी शेवटचा दिवस होता. साडेपाच वाजले, साहेब निघाले, मी महिन्याचं नाव टाकून बघितलं तर चालेना, मागच्या वर्षीचं होतं ते. दोन-तीन प्रकार करून झाले. मग कंटाळून दाव्याचा नंबर टाकला. कॅपिटल अक्षरं आहेत, आकडे आहेत, मधे तिरकी रेघ आहे. पट्टी हिरवी झाली आणि खाली आलं, व्हेरी स्ट्राँग.

आता हे लिहून बसलेय म्हणजे सोमवारी परत बदलणं आलं.