मूद

दोन वर्षं जपानात, नागोयाला काढून भाची परत आली. पहिला आठवडा तिनं भरीत-भाकरी, पुरणपोळी आणि आजीच्या हातचं वरण यांवर काढला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मामा, नाशकात चांगलं जपानी कुठं मिळतं रे?"

खाण्याबद्दल विचारलं तर नाशिककराच्या तोंडून 'माहीत नाही' निघत नाही. मिसळ कुठं खावी, हे आम्ही सिग्नलला काच खाली करून विचारणाऱ्यालासुद्धा सांगतो, तेही कुठं खाऊ नये यासकट. मी लगेच म्हटलं, "गंगापूर रोडला बघू." जे कुठंच मिळत नाही ते गंगापूर रोडला मिळतं, नाहीतर कॉलेज रोडला, अशी आमची एक श्रद्धा आहे.

मिळालंही. बाहेर कागदी कंदील, आत बांबू, आणि मेन्यूकार्ड पंचांगाएवढं. त्यात थाई करी होती, मोमो होते, शेजवान राईस होता, आणि मागच्या बाजूला 'जपानी' या मथळ्याखाली तंदुरी पनीर सुशी. भाचीनं कार्ड मिटून ठेवलं. "मामा, इथं उठायचं का?"

"अगं, न खाताच?"

तिचं म्हणणं असं, की तिकडं एका दुकानात सहसा एकच गोष्ट करतात. रामेनवाला रामेन करतो, सोबावाला सोबा, आणि तेंपुरावाल्याकडं कुणी सुशी मागत नाही. दारावर एक आखूड कापडी पडदा असतो, त्याला नोरेन म्हणतात. तो लटकलेला दिसला तर दुकान उघडं, आत घेतला तर आजचं संपलं. हे ऐकताना मला आमच्या मिसळवाल्याची 'मिसळ संपली' ही पाटी आठवली, पण तेव्हा बोललो नाही. भूक लागली होती.

बसलोच. सुशी आली ती थंडगार. भाची म्हणाली, सुशीचा भात अंगाच्या उबेइतका हवा. फ्रीजमधून काढला की दाणा कडक होतो आणि व्हिनेगरचा आंबटपणा तेवढा पुढं येतो. मी आजवर समजत होतो की सुशी म्हणजे मासा. ती म्हणते, सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला आंबट भात. वर मासा असो नाहीतर काकडी. हे कळल्यावर माझी एक जुनी अडचण सुटली. समुद्र इथून कसारा घाट उतरून, मुंबईपर्यंत दीडशे किलोमीटरच्या वर. आपल्याकडं कसली आलीय सुशी, असं मी म्हणायचो. पण भात? घोटी-इगतपुरीला लोक भाताच्या शेतातच राहतात.

वसाबीचा, म्हणजे सुशीबरोबरच्या झणझणीत चटणीचा, हिरवा गोळाही होता. खरा वसाबी थंड, वाहत्या पाण्यात वाढतो आणि किसला की काही मिनिटांत त्याचा वास उडतो, म्हणून तो समोरच किसतात. बाकी जगात बहुतेक ठिकाणी मिळतो तो हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाला हिरवा रंग दिलेला. नाकातून पाणी मात्र दोन्हीनं येतं, त्यात फसवणूक नाही.

खरी गंमत सूपची झाली. आईसाठी पार्सल न्यायचं होतं. आई माळकरी. वेटर म्हणाला, "मिसो सूप प्युअर व्हेज आहे, काका." भाचीनं विचारलं, "पाणी कशाचं आहे?" तो म्हणाला, "फिल्टरचं."

तिला विचारायचं होतं दाशीबद्दल. जपानी रस्स्याच्या बुडाशी दाशी असते. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि बहुतेक वेळा वाळवून धुरवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली उमामी ही पाचवी चव शोधली ती या कोंबूतच. नुसत्या कोंबूची आणि वाळल्या शिताके अळंबीची दाशीही होते, तिथल्या बौद्ध मठांत तीच चालते. वेटर आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "पावडर आहे." कसली, ते पाकिटावर कुणी वाचलं नव्हतं. पार्सल रद्द.

घरी आल्यावर आईनं विचारलं, हा मिसो म्हणजे काय प्रकार? भाचीनं नागोयाजवळच्या ओकाझाकीचा हात्चो मिसो सांगितला. सोयाबीन, मीठ, पाणी आणि वाफवलेल्या सोयाबीनवरच वाढवलेली बुरशी. लाकडी पिंपात भरायचं, वर नदीतल्या गोट्यांची रास रचायची आणि दोन वर्षांहून जास्त मुरू द्यायचं. रंग पार काळपट. आईनं एवढंच विचारलं, "दोन वर्षं? आणि दादरा कशाचा बांधतात?"

मुंबईला ताजमध्ये २००४ सालापासून नावाजलेलं जपानी हॉटेल आहे, पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन येऊ, असं मी म्हटलं खरं. मग तिथलं बिल किती होईल याचा अंदाज केला आणि विषय मीच बदलला.

रविवारी सकाळी नेहमीच्या मिसळीला गेलो. 'चुलीवरची' अशी पाटी असेल तर आधी मागं जाऊन धूर निघतोय का ते बघायचं, हा माझा नियम. धूर होता. मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही. दुसरा पदार्थ नाही. मालक स्वतः पातेल्यापाशी, गिऱ्हाइकाकडं न बघता. अकराला पातेलं खरवडायला आलं. भाची रस्सा भुरकत म्हणाली, "मामा, हे बघ. हे जपानी."

त्या दिवशी संध्याकाळी तिनं इंद्रायणी शिजवला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं हे वाण. चिकटपणासाठी काहीजण नाक मुरडतात, ती मात्र त्यासाठीच खूश. मिठाच्या पाण्यानं हात ओले करून तिनं गरम भाताचे त्रिकोण वळले. तिकडं पोटात उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ घालतात. तिनं बरणीतली मुरलेल्या लिंबाची फोड घातली. वरून लावायला नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाची पापडी, नव्हती. अशा भाताच्या त्रिकोणाला ओनिगिरी म्हणतात.

आईनं एक उचलून फिरवून पाहिला.

"मूदच आहे की," ती म्हणाली. "वाटीनं पाडली असती तर हात भाजले नसते. वर तूप वाढ."