त्रास देत नाही, म्हणजे बरा आहे?

इंग्लंडमध्ये स्विंडनला आम्ही दोघं फॉस्टर पालक आहोत. ज्या मुलांना आईवडिलांजवळ ठेवता येत नाही, त्यांना इथलं कौन्सिल आमच्यासारख्यांच्या घरी ठेवतं. अशा ४ ते १६ वयाच्या मुलाला कौन्सिलच्या देखरेखीखाली येऊन वर्ष झालं की त्याच्या मनाची स्थिती जोखणारा एक फॉर्म दरवर्षी आम्ही भरून द्यायचा. २५ प्रश्न. वरचेवर पोट दुखतं म्हणतो का? चटकन भडकतो का? एखादा तरी चांगला मित्र आहे का? बेरीज ४० पैकी. १७ किंवा त्याच्या वर गेली तर काळजीचं.

त्यातले ५ प्रश्न चांगुलपणाचे आहेत. आपल्यातलं दुसऱ्याला देतो का, कुणाला लागलं तर धावून जातो का. ते या बेरजेत धरतच नाहीत, आणि हे मला फार खटकतं.

आमच्याकडे आलेला एक मुलगा कधी भडकला नाही, कधी रडला नाही. पाणी हवं असलं तरी फ्रिजसमोर उभा राहायचा, दाराला हात न लावता, आपण बघेपर्यंत. फॉर्मवर त्याची बेरीज अगदी कमी आली. शेवटच्या मोकळ्या जागेत मी हे फ्रिजचं लिहिलं आणि सोशल वर्करला फोन केला. तिने त्याला एकट्याला बागेत नेऊन बोलतं केलं. काही चुकलं तर इथूनही पाठवून देतील, ही भीती त्याच्या पोटात होती.

चवथीला गोव्यात डिचोलीला आले तेव्हा काकीने मायेने विचारलं, "त्रास देत नाही ना गो तो? मग झालं तर!" आपल्याकडे गप्प पोर म्हणजे गुणी पोर. पण गप्प राहायला ते कुठे शिकलं, हे विचारायला हवं.

आपला कायदा याबाबतीत चांगला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ४४ वं कलम सांगतं की बाल कल्याण समितीने फॉस्टर घराची दर महिन्याला पाहणी करावी, मूल बरं आहे का ते बघायला. इथे इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी सोशल वर्कर निदान सहा आठवड्यांतून एकदा येते. म्हणजे कागदावर आपणच पुढे. गोव्यात पाहणीला जाणाऱ्यांनी अंथरूण, कपडे, प्रगतिपुस्तक जरूर बघावं. पण घरच्यांना आत बसवून थोडा वेळ मुलाला अंगणात न्यावं. रात्री झोप लागते का? या घरात आईचं नाव काढता येतं का? भूक लागली तर तू काय करतोस?